बावीस बादल्या

शाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत. बालवर्गातलं शेंबडं पोरही मावशी म्हणे आणि निवृत्तीला टेकलेले हेडसरही मावशीच म्हणत. सतरा वर्षांत या हाकेची त्यांना इतकी सवय झाली होती की घरी नवऱ्यानं नावानं हाक मारली, तर आधी त्या मागे वळून बघत, ही आणखी कोण आली घरात?

त्या एका वर्षाबद्दल बोलायला लागल्या की मावशी आजही हात जोडतात. देवापुढे जोडावेत तसे नाही. कुणी रस्त्यात पडलेली पिशवी उचलून दिली की आपण सहज जोडतो, तसे. म्हणतात, "दोन पोरांनी वही काढली आणि माझे गुडघे वाचले. आणि गुडघ्यांचं तर काय घेऊन बसलात, त्याहून मोठं काहीतरी वाचलं."

मावशींचं काम झाडलोट करण्याचं आणि स्वच्छतागृहं धुण्याचं. शाळेची इमारत तीन मजली, तळमजला आणि वर दोन. दुसऱ्या मजल्यावर मोठ्या वर्गांच्या खोल्या आणि मोठ्या मुलींचं स्वच्छतागृह. गच्चीवर टाकी होती, पण ती दुपारी साडेबारा-पाऊणला रिकामी व्हायची. नळ आधी फुसफुसायचा, मग म्हाताऱ्यासारखा दोनदा खोकायचा आणि गप्प बसायचा. त्यानंतर साडेचारला शाळा सुटेपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पाणी म्हणजे मावशी.

अंगणातल्या नळाला करंगळीएवढी धार असायची. तिथं बादली लावायची, भरेपर्यंत कंबरेवर हात देऊन उभं राहायचं आणि मग बेचाळीस पायऱ्या चढायच्या. वरच्या स्वच्छतागृहातल्या पिंपात ओतायचं आणि पुन्हा खाली. टाकी लहान आहे, असं सगळे म्हणत. मावशीही तेच म्हणत. टाकी लहान आहे हे शाळेत इतक्या वेळा बोललं गेलं होतं की ती खरंच लहान आहे का, हे कुणी गच्चीवर जाऊन पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. वयानं लहान, आवाजानं मोठ्या. त्याच सुमाराला वरून एक पत्रक आलं: शाळेनं पाणी, वीज आणि कचरा कमी करावा, आणि या कामात विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावं. अशी पत्रकं हेडसर खुर्चीत बसल्या बसल्या भरून टाकत. पण बाई म्हणाल्या, "सर, यातले आकडे मुलांना शोधू द्या ना. खरे आकडे." हेडसरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. एक काम कमी झालं म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं.

बाईंनी आठवीच्या आठ मुलामुलींचं मोजणी मंडळ काढलं. कुणी दिवे मोजायचे, कुणी कचरा तोलायचा. पाणी आलं दोघांच्या वाट्याला. एक होती उंच, किडकिडीत मुलगी. तिला वर्गात फूटपट्टी म्हणत, उंचीमुळेही आणि दिसेल ते मोजत सुटण्याच्या खोडीमुळेही. दुसरा बारक्या. नावाप्रमाणे बारीक, पण गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं.

दोघं मावशींना अंगणातल्या नळापाशी गाठून उभी राहिली.

"मावशी, तुम्ही दिवसाला किती बादल्या वर नेता?" फूटपट्टीनं विचारलं.

"मोजून कोण नेतं बाळा? लागतील तेवढ्या नेते."

"मग आम्ही मोजू का?"

इतक्या वर्षांत त्यांच्या कामात वही घेऊन कुणी डोकावलं नव्हतं. वही आली की मागून तक्रार येते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पण पोरांना नाही कसं म्हणणार? "मोजा बापडे," त्या म्हणाल्या. "फक्त पायऱ्यांवर मधे मधे येऊ नका. ओल्यावर घसराल."

तीन दिवस दोघं आळीपाळीनं त्यांच्या मागे होती. फूटपट्टी प्रत्येक बादलीला एक रेघ ओढायची. व्यायामाच्या खोलीतला वजनकाटा आणून तिनं भरलेली बादली तोलली. बारा किलो. जिन्यावर ती मावशींच्या मागून दोन पायऱ्या सोडून चढायची आणि विचारत राहायची.

"मावशी, मधे कुठे थांबता?"

"पहिल्या मजल्यावर."

"किती वेळ?"

"गुडघा म्हणेल तेवढा."

फूटपट्टीनं तेही लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी बारक्यानं बेरीज-गुणाकार करून आकडा काढला आणि तिथंच जिन्यात ओरडला, "रोजच्या बावीस बादल्या! दोनशे चौसष्ट किलो! मावशी, तुम्ही रोज आमच्या वर्गातली सात-आठ पोरं उचलून वर नेता!"

"त्यात तू असशील तर नऊ बसतील," मावशी म्हणाल्या. बारक्या हसला. फूटपट्टी मात्र हसली नाही. ती वहीतल्या आकड्याकडे बघत राहिली आणि मग मावशींच्या हातांकडे. त्या दिवशी पुढची बादली तिनं एका बाजूनं धरली. मावशींनी "सोड गं" म्हटलं तरी सोडली नाही.

संध्याकाळी मावशींनी हे घरी सांगितलं. त्यांचे यजमान शिंपी. घरातल्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं आणि बोलतानाही त्यांचा पाय मशीनवरून उतरत नसे.

"अहो, पोरं माझ्या बादल्या मोजतायत. माझं काही खरं दिसत नाही."

"उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. आमच्या धंद्यात माप घेतलं की माणसाला नवा कपडा मिळतो."

"तुमच्या धंद्यात शिवायच्या आधी कापतात, ते नाही सांगत."

यजमान हसले, पण मशीन थांबवून त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं. "कितीचा आकडा निघाला म्हणालीस?"

"दोनशे चौसष्ट किलो."

यजमानांनी मशीनवरून पाय काढला. मग उठून त्यांनी स्वतः चहाचं आधण ठेवलं. मावशींनी ते पाहिलं आणि त्यांना मोठं नवल वाटलं. काम तेच होतं, कालचं आणि परवाचं. नुसता आकडा लागल्याबरोबर ते घरातल्या माणसालाही दिसायला लागलं होतं.

दोन दिवसांनी फूटपट्टी एकटीच आली. मावशी वरचं पिंप घासत होत्या. मुलगी दाराशी घुटमळली, वेणीचं टोक चावत.

"काय गं? परत मोजायचंय?"

"नाही. मावशी, आम्ही सगळ्या वर्गांना विचारलं होतं, शाळेत असताना किती पेले पाणी पिता. कागदावर नाव न घालता लिहायचं होतं. तर... आमच्या मजल्यावरच्या मुलींचे आकडे बघा."

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि वही हातात घेतली. एक. एक. शून्य. अर्धा. शून्य. एक.

"बाईंना सांगितलंस?"

"अजून नाही. मला... सगळ्यांसमोर कसं बोलायचं कळत नाही. मुलं असतात ना."

मावशींना यातलं काहीच नवीन नव्हतं. दुपारच्या तासांना ओठ सुकलेल्या, पोट धरून बसलेल्या मुली त्यांनी कितीतरी पाहिल्या होत्या. नळ बंद पडलेल्या स्वच्छतागृहात जायला नको म्हणून बाटल्या जशा भरून यायच्या तशाच भरलेल्या घरी जायच्या, हेही त्यांनी पाहिलं होतं. पण पाहिलेलं सांगायचं कुणाला, आणि सांगितलं तर ऐकणार कोण, या विचारानं त्या आपल्या एक बादली जास्त न्यायच्या, एवढंच.

"तू वही जपून ठेव," त्या म्हणाल्या. "वेळ आली की बघू."

वेळ शुक्रवारीच आली. हेडसरांच्या खोलीत मोजणी मंडळाची बैठक होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलं भिंतीला टेकून उभी होती. मावशी चहा घेऊन आत गेल्या, तेव्हा बारक्या तक्ता दाखवत होता. शाळेत सर्वांत जास्त पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाला लागतं, असा तक्त्याचा अर्थ होता.

"मग सोपं आहे," हेडसर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कायम पुढच्या कामाची घाई असायची. "जेवणाच्या सुट्टीनंतर दुसऱ्या मजल्यावरचं बंद ठेवू. कुलूप लावू. ज्यांना जायचंय त्या तळमजल्यावर जातील. पाणी वाचेल आणि मावशींचा त्रासही वाचेल. काय मावशी? बावीस बादल्यांमधून सुटलात की तुम्ही!"

मावशींच्या हातात ट्रे होता. खरं सांगायचं तर एक क्षण त्यांच्या मनात आलं, होऊ दे की. कुलूप लागू दे. उद्यापासून दुपारी गुडघ्याला विसावा मिळेल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्यांच्या सुखाचं काही काढलं होतं आणि तेही हेडसरांनी, सगळ्यांसमोर. नुसती मान हलवायची होती.

पण समोर भिंतीशी फूटपट्टी उभी होती. तिचे कान लाल झाले होते. वही तिनं छातीशी घट्ट धरली होती आणि ती जमिनीकडे बघत होती.

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. "सर, बोलू का?"

खोलीत सगळे वळले. या खोलीत मावशींनी आजवर 'साखर कमी आहे' याखेरीज एक वाक्य उच्चारलं नव्हतं.

"बोला ना."

"कुलूप नका लावू, सर. तळमजल्याला एकच आहे आणि तिथं लहान पोरींची रांग असते. मोठ्या मुली खाली यायच्या नाहीत. त्या पाणी प्यायचंच बंद करतील. आताही पीत नाहीत. या पोरीच्या वहीत आहे सगळं." मग फूटपट्टीकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "वाच गं. मी आहे इथं."

फूटपट्टीनं वही उघडली. "मुलं शाळेत सरासरी चार पेले पाणी पितात. दुसऱ्या मजल्यावरच्या मुली एकसुद्धा पूर्ण पीत नाहीत. अकरा जणींनी शून्य लिहिलंय, सर. सकाळपासून शाळा सुटेपर्यंत, शून्य."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. त्यांना दोन मुली होत्या. एव्हाना मोठ्या होऊन सासरी गेलेल्या. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनाच माहीत. ते खुर्चीवरून उठले.

"मावशी, बादली कुठे आहे?"

"अहो सर, तुम्ही कशाला..."

"कुठे आहे?"

आणि मग अख्ख्या शाळेनं पाहिलं: हेडसर अंगणातल्या नळाखाली बादली भरतायत आणि जिना चढतायत. पहिल्या मजल्यावर ते थांबले. कठड्याला धरून त्यांनी दम खाल्ला. बुटात पाणी गेलं होतं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत पाऊण बादली उरली होती. पिंपात ओतून ते तिथल्याच पायरीवर टेकले.

"किती वर्षं, मावशी?"

"तेरा झाली असतील."

"तुम्हाला लागून तर सतरा झाली ना?"

"सुरुवातीची चार वर्षं पाणी पुरायचं, सर. साडेचारपर्यंत नळ चालायचा. मग हळूहळू कमी होत गेलं. अजूनही सोमवारी जरा बरं असतं, सोमवारी तासभर जास्त टिकतं."

विज्ञानाच्या बाई मागोमाग वर आल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "काय म्हणालात? पूर्वी पुरायचं? आणि सोमवारी टिकतं?"

"हो."

"टाकी तीच?"

"तीच की."

"मुलं तेवढीच. टाकी तीच. मग पाणी जातं कुठे?" बाईंचे डोळे चमकायला लागले. "मावशी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

मावशींनी अगदी साधेपणानं उत्तर दिलं. "कुणी विचारलं नाही, बाई."

रविवारी सकाळी चौघं शाळेत जमली. बाई, दोन्ही मुलं आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन मावशी. आधी गच्चीवर जाऊन त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं. सुट्टीमुळे पाणी कुणी वापरलं नव्हतं, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली होती आणि आतला फ्लोट वर येऊन नळ बंद झाला होता. टाकी लहान मुळीच नव्हती. बारक्या म्हणाला, आत पोहता येईल. मग शाळेतला एकेक नळ तपासला. सगळे बंद. मग ती रस्त्याकडेच्या मीटरपाशी आली. मीटरच्या काचेखाली एक छोटी लाल चक्री असते. कुठंही पाणी चालू नसेल तर ती थांबलेली हवी.

चक्री फिरत होती. गुपचूप, न थांबता, आपल्या नादात फिरत होती.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या.

फूटपट्टी घड्याळ लावून खाली बसली. मिनिटाला चार लिटर. बारक्यानं तोंडातल्या तोंडात हिशेब केला आणि या वेळी ओरडला नाही, पुटपुटला. "दर तीन मिनिटांना मावशींची एक बादली."

जिथं पाइप जमिनीतून वर निघून भिंतीवर चढतो, तिथं एक जुना कॉक होता. तो कुठे आहे हे शाळेत एकट्या मावशींना माहीत होतं, कारण त्याच्यावर पडलेल्या मोडक्या बाकांचा ढीग त्याच झाडायच्या. त्यांनी तो आवळून बंद केला. बारक्या मीटरकडे पळाला आणि तिकडून ओरडला, "अजून फिरतेय!"

"म्हणजे गळती मीटर आणि हा कॉक यांच्यामध्ये आहे," बाई म्हणाल्या. "जमिनीखाली. मागच्या भिंतीला लागून. पण तीस-पस्तीस पावलांचं अंतर आहे. सगळं कसं खणणार?"

मावशी मागच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीच्या मध्यावर, गटाराच्या कडेला, त्यांचा पुदिना होता. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांनी एक काडी खोचली होती आणि तो असा काही माजला होता की विचारू नका. भर उन्हाळ्यात आजूबाजूचं गवत वाळून काडी व्हायचं, पण पुदिना हिरवागार. अर्धी शिक्षकखोली त्याच पुदिन्याचा चहा प्यायची. मावशींच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणायचे आणि मावशीही ते ऐकून सुखावायच्या.

"बाई," त्या शेवटी म्हणाल्या, "मला वाटतं माझ्या हाताला काही गुणबिण नाही. तो पाइपाचा गुण आहे."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग बाईंना हसू आवरेना. फूटपट्टी आणि बारक्या तर पोट धरून जमिनीवर बसले. आणि मावशीही हसल्या. एवढी वर्षं मिरवलेला गुण एका मिनिटात गेला आणि तरी त्यांना इतकं हलकं वाटलं.

मंगळवारी प्लंबर आला. म्हातारा, चिडका आणि कामाला पक्का. पुदिन्याखाली हातभर खणल्यावर चिखल लागला, आणखी हातभर खाली गंजलेला लोखंडी पाइप. सांध्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं, आणि टाकीकडे निघालेलं पाणी चिखलातून वाट काढून शेजारच्या गटारात मुकाट निघून जात होतं.

"हा पाइप माझ्या बारशाच्या आधीचा असेल," प्लंबर म्हणाला. "कुणी शोधलं हे?"

"मावशींनी," फूटपट्टी म्हणाली.

"पोरांनी," मावशी त्याच वेळी म्हणाल्या.

प्लंबरनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "तुमचं ठरलं की सांगा. तोवर मला तो पान्हा द्या."

बुधवारी नवा पाइप बसला, माती लोटली गेली. गुरुवारी दुपारी पाऊण वाजता मावशींनी सवयीनं बादली उचलली. नळाला आता मनगटाएवढी धार होती, बादली बघता बघता भरली. ती घेऊन त्या बेचाळीस पायऱ्या चढल्या आणि पिंपात ओतण्याआधी त्यांनी सहज वरचा नळ फिरवून पाहिला.

पाणी आलं.

त्यांनी बंद केला, पुन्हा फिरवला. पुन्हा आलं. दीडला पाहिलं, येत होतं. अडीचला पाहिलं, येत होतं. चार वाजता त्यांनी नळाखाली दोन्ही हात धरले आणि गार पाणी कोपरांपर्यंत वाहू दिलं, मग ओल्या हातांनी तोंड पुसलं. त्या फक्त पाणी पुसत होत्या की आणखी काही, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. फूटपट्टी धावत आली, तेव्हा त्या पायरीवर बसलेल्या होत्या.

"मावशी, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय गं. इतकं बरं वाटतंय की काय करावं तेच सुचत नाहीये."

मुलगी त्यांच्या शेजारी टेकली. दोघी नळाकडे बघत बसल्या.

मोजणी मंडळाचं काम तिथं थांबलं नाही. कुठला नळ थेंबथेंब गळतो हे मावशींना तोंडपाठ होतं; त्यांनी आठही जणांना वॉशर बदलायला शिकवलं. बारक्यानं पहिल्याच दिवशी मुख्य कॉक बंद न करता नळ उघडला आणि कारंज्यात न्हाला. हात धुतलेलं पाणी झाडांकडे वळवायचं ठरलं, तेव्हा उताराची बाजू मावशींनी दाखवली, कारण सांडलेलं पाणी कुठे पळतं हे त्यांच्या झाडूला माहीत होतं. दिव्यांची पाळी आली, तेव्हा मुलं आपणहून आधी रखवालदाराकडे गेली: काका, कुठल्या खोलीतले दिवे रोज तुम्हाला बंद करावे लागतात? पत्रकाच्या शेवटी 'सहभागी व्यक्ती' असा रकाना होता. हेडसरांनी त्यात मुलांच्या नावांच्या वर मावशींचं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मावशींनी ते वाचलं आणि घरी जाऊन यजमानांना सांगितलं. यजमानांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "बघ. मापाचं सार्थक झालं."

एक गोष्ट मात्र मावशींच्या मनाला लागून राहिली होती. मुलांचे आभार त्यांनी मानले होते, पण आपण मोठ्यांचे मानतो तसे लहानांचे आभार मानले की ती नुसती लाजतात आणि पळतात. फूटपट्टीच्या आईला भेटून सांगावं, असं त्यांनी ठरवलं. तुमच्या मुलीनं बादली एका बाजूनं धरली, तेवढं आजवर कुणी केलं नव्हतं, असं सांगावं. वाक्यं त्यांनी झाडता झाडता मनाशी जुळवूनही ठेवली.

सत्राच्या शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. गर्दीतून एक उंच, किडकिडीत बाई वाट काढत येताना दिसली. कुणाची आई हे विचारायची गरजच नव्हती. ती सरळ मावशींच्या समोर आली.

"तुम्हीच मावशी ना?"

"हो. मी तुम्हालाच..."

"मी रोज यायचं म्हणत होते. बेकरीत सुट्टी मिळत नाही." त्या बाईनं मावशींचे दोन्ही हात धरले. "माझ्या मुलीला गेल्या वर्षी तीनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. तीनदा औषधं झाली. डॉक्टर म्हणायचे पाणी पी, आणि ही म्हणायची पिते. कारण काही सांगायची नाही. या सत्रात एकदाही झालं नाही. परवा तिनं मला सगळं सांगितलं. कुलपाचं, आणि तुम्ही ट्रे ठेवून बोललात ते. कुलूप लागलं असतं तर तुमचं काम कमीच झालं असतं, मावशी. तरी तुम्ही नको म्हणालात."

मावशींची जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. "अहो, पण मी तुमचे आभार मानायला आले होते," एवढंच त्यांना म्हणता आलं.

"माझे? ते कशाला?"

"अशी पोरगी घडवलीत म्हणून."

दोघी एकमेकींचे हात धरून फाटकाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मुलांचे लोंढे दोन्ही बाजूंनी वाहत गेले. फूटपट्टी थोड्या अंतरावर उभी होती, आईनं आणि मावशींनी मिळून आता आपल्याला काय काय ऐकवायचं ठेवलंय या धास्तीनं. मग तिनं दप्तरातून बाटली काढली, उरलेलं पाणी घटाघट पिऊन टाकलं आणि म्हणाली, "चला ना आता. मावशी, तुम्ही पण चला, कोपऱ्यापर्यंत आपला रस्ता एकच आहे."

तिघी निघाल्या. फूटपट्टी पुढे, दोघी मागून. कोपरा आला तरी दोघींचं बोलणं संपलं नाही, म्हणून मग तिथंच आणखी थोडा वेळ उभ्या राहिल्या.